विश्वासाचं समर्थन करायचं तर आधी पवित्र शास्त्र उघडायला हवं

शारोन_नगर

जय ख्रिस्त मंडळी.

पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ हे वचन आपल्याकडे तरुण संघाच्या शिबिरात फलकावर हमखास असतं. तुमच्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला सिद्ध असा. हे पत्र मुळात कोणाला लिहिलंय, हे मात्र फार कमी वेळा सांगितलं जातं. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया इथे पांगलेल्या विश्वासणाऱ्यांना. त्यांत चाकर होते, कारण दुसऱ्या अध्यायात पेत्र त्यांच्याशी थेट बोलतो, आणि त्यांचे धनी काही सगळेच भले नव्हते. नवरा वचन मानत नाही अशा बायका होत्या. त्यांच्याविषयीचं बोलणं याच तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. म्हणजे "उत्तर द्या" हे धनाढ्यांना किंवा पंडितांना सांगितलेलं नाही. ज्यांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या मालकासमोर रोज प्रश्न झेलावे लागत होते त्यांना सांगितलंय. आपण ते काम पाळकसाहेबांवर सोपवून मोकळे होतो आणि हे मला मनापासून खटकतं.

मी रविवारच्या शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. दहावी-अकरावीची पोरं. हल्ली त्यांचे प्रश्न मोबाईलवरून येतात. बायबल एका सम्राटाने परिषद भरवून ठरवलं का? मजकूर बदललाय का? चार शुभवर्तमानं एकमेकांशी जुळत का नाहीत? प्रश्न वाईट नाहीत, पण मुलं घरी विचारतात तेव्हा "असले प्रश्न विचारू नये" एवढंच उत्तर मिळतं. मग त्यांना वाटतं, उत्तर नाहीच बहुतेक.

दुसऱ्या टोकाला काही जण वचनं पाठ करतात आणि वाद आला की एकामागून एक फेकतात. मत्तयाचा चौथा अध्याय नीट वाचला तर हा मार्गही बंद होतो. रानात सैतान स्वतःच वचन घेऊन येतो. मंदिराच्या शिरोभागी उभं करून, खाली उडी टाक म्हणत तो ९१ वं स्तोत्र म्हणतो, देवदूत तुला हातांवर झेलतील. तो अकराव्या-बाराव्या ओवीपाशी थांबतो. तेराव्यात सिंह आणि सर्प पायांखाली तुडवण्याची गोष्ट आहे, तिथवर तो जात नाही. आता प्रभूची उत्तरं पाहा. तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. इस्राएल चाळीस वर्षं रानात होतं, उपाशी होतं, कुरकुर करत होतं, आणि मोशे त्यांना ते सगळं आठवण करून देतोय, असा तो भाग आहे. प्रभू चाळीस दिवस रानात उपाशी आहे आणि त्याच भागातून बोलतोय. इस्राएल जिथे चुकलं तिथे तो ठाम उभा राहतो. सुटं वचन सैतानालाही येत होतं, त्याचा मागचा-पुढचा भाग आणि अर्थ प्रभू जगत होता.

म्हणून आमच्या मंडळीत मी सुचवलंय की पाठांतर स्पर्धा चालू राहू दे, पण मुलांनी एक पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावं. वाचताना अडेल ते वहीत लिहावं. मग त्यावर बोलावं. तुमच्याकडे काय चालतं, काय चालत नाही, ते सविस्तर लिहा.

जालनेकर

शारोनताई, जय ख्रिस्त. परिषदेचा प्रश्न आमच्याकडेही आला होता, म्हणून लिहितो.

नायसीआची परिषद ३२५ साली भरली. सम्राट कॉन्स्टन्टाइनने बोलावली हे खरं. वाद होता तो एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीचा, म्हणजे पुत्र हा पित्यासारखाच अनादी देव आहे की निर्माण केलेला आहे. शिवाय पुनरुत्थानाचा सण कधी पाळायचा हे ठरलं, आणि मंडळीच्या शिस्तीचे वीस नियम झाले. त्या नियमांत बायबलच्या पुस्तकांची यादी नाही. कोणीही वाचून बघावं.

चार शुभवर्तमानं त्याआधी कितीतरी काळ मानली जात होती. इरिनेयस नावाचा बिशप इ.स. १८० च्या सुमारास चारच का, याबद्दल लिहितो. म्हणजे त्याच्या वेळी चार ही गोष्ट रुळलेली होती. आपल्या नव्या करारातली सत्तावीस पुस्तकं नेमकी तीच आणि तेवढीच, अशी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते.

पण मुलांना अर्धंच सांगू नका. काही पुस्तकांबद्दल मंडळ्यांमध्ये बराच काळ एकमत नव्हतं. इब्री लोकांस पत्र, पेत्राचं दुसरं पत्र, प्रकटीकरण ही त्यातली. चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस याने त्याची नोंद करून ठेवली आहे. हे लपवलं आणि पोराला उद्या दुसरीकडून कळलं, तर तो तुमची बाकीची खरी गोष्टही मानणार नाही.

कृपा_पुरे

प्रेझ द लॉर्ड. सगळ्यांचा आदर ठेवून लिहिते. एवढी इसवी सनं आणि परिषदा कशाला हव्यात? लूक १२ मध्ये प्रभू म्हणतो, काय बोलावं याची काळजी करू नका, त्या घटकेला पवित्र आत्मा शिकवील. माझी आजी अंगठा लावायची. तिला यातलं काही माहीत नव्हतं, पण तिच्या प्रार्थनेने आमचं सगळं घर तारणात आलं. पौलही करिंथकरांना सांगतो की माझं बोलणं ज्ञानाच्या मन वळवणाऱ्या शब्दांचं नव्हतं. युक्तिवादाने आजवर कोण विश्वासात आलंय?

निवृत्त_पाळक

कृपाताई, तुमच्या आजींसारख्या माउल्यांच्या जिवावर आपल्या मंडळ्या उभ्या आहेत. त्यात दुमत नाही. अशा आजी मी पुष्कळ पाहिल्या आणि त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नसलं तरी शास्त्र माहीत होतं. त्या उपासनेत कान देऊन ऐकायच्या, भजनं तोंडपाठ असायची, कीर्तनातून योसेफाची, रूथची कथा अथपासून इतिपर्यंत सांगायच्या. अक्षर न येणं वेगळं आणि वचन न येणं वेगळं.

लूक १२ मधलं ते आश्वासन सभास्थानांत आणि अधिकाऱ्यांपुढे ओढत नेलेल्यांसाठी आहे. जिथे तयारीला वेळच नाही, तिथे. योहान १४:२६ मध्ये प्रभू म्हणतो की आत्मा मी सांगितलेल्या सगळ्याची आठवण करून देईल. शिष्यांनी ते आधी ऐकलेलं होतं.

आणि पौलाचं म्हणाल तर थेस्सलनीकात त्याने तीन शब्बाथ शास्त्रातून वादविवाद केला असं प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये आहे. पुढे बिरुयातले लोक तर पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहायचे. लूक त्याबद्दल त्यांना थोर म्हणतो. प्रेषिताला तपासलं म्हणून कोणी त्यांच्यावर रागावलं नाही.

आता मला जे खरं बोलायचंय ते. बाहेरच्या प्रश्नांपेक्षा आतल्या चुकीच्या शिकवणीने मी जास्त नुकसान होताना पाहिलंय. सेवेत असताना आमच्या मंडळीत एक बाई होत्या, मधुमेहाच्या. गावात एक फिरते प्रचारक आले आणि यशया ५३:५ घेऊन तीन रात्री सभा केल्या. त्यांचं म्हणणं, त्याला म्हणजे ख्रिस्ताला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य प्राप्त झालं, तेव्हा गोळी घेणं म्हणजे अविश्वास. बाईंनी औषध बंद केलं. पायाची जखम चिघळली. मुलगा माझ्याकडे आला.

मी गेलो तेव्हा त्या खाटेवर बसल्या होत्या, पाय खाली न टेकता, पाटावर. गोळ्यांचं पाकीट खिडकीत तसंच होतं, न उघडलेलं. मी औषधावर भाषण केलं नाही. त्यांचंच बायबल घेतलं, जुनं, कडा काळ्या पडलेलं, आणि म्हटलं, मावशी, आपण दोघं थोडं वाचू. १ तीमथ्य ५:२३ काढलं. तीमथ्याचं पोट वारंवार बिघडत होतं आणि पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. मग २ तीमथ्य ४:२०. त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवलं, असं पौल लिहितो. मग फिलिप्पैकरांस दुसरा अध्याय, एपफ्रदीत मरणाला टेकला होता. मी विचारलं, मावशी, या तिघांचा विश्वास कमी होता का? त्या बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, पाणी आण. बोट मात्र गेलं, ते वाचवता आलं नाही.

यशयाचा तो अध्याय मी त्यांच्याकडून नंतर पूर्ण वाचून घेतला. अपराध, दुष्कर्म, बंडखोरी, पाप हे शब्द त्यात किती वेळा येतात ते त्यांनीच दाखवलं. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि मी आजाऱ्यांसाठी रोज प्रार्थना करतो. पण सेवकाच्या दुःखाचा एवढा खोल अध्याय कोणी औषध सोडायला लावायला वापरत असेल, तर त्याला अडवणं हेही विश्वासाचं समर्थनच आहे. यहूदाने आपल्या पत्रात विश्वासासाठी झटायला सांगितलं ते मंडळीत चोरून शिरलेल्या लोकांमुळे. ते पत्र एका बैठकीत वाचून होतं, जरूर वाचा.

वाचनवेडा

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, पण या धाग्यावर लिहू देत असाल तर दोन गोष्टी विचारतो.

एक, समर्थन म्हटलं की मला एकोणिसाव्या शतकातले वाद आठवतात. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले, मिशनरी जॉर्ज बोएन यांनी ते छापलेही. लोक गर्दी करायचे. पण त्यातून एकमेकांचं ऐकलं किती गेलं, अशी शंका येते. तुमचं समर्थन म्हणजे दुसऱ्याचा धर्म खोटा ठरवणं आहे का?

दुसरं, मजकूर बदलला का, या प्रश्नाचं उत्तर शारोनताईंनी दिलंच नाही. मला ते खरंच जाणून घ्यायचंय.

शारोन_नगर

वाचनवेडादादा, स्वागत आहे, लिहा निःसंकोच.

पहिल्या प्रश्नाला मी पेत्राचंच वाक्य पूर्ण करते. उत्तर द्या असं म्हणून तो तिथेच सौम्यतेने आणि आदराने द्या असंही सांगतो. शिवाय विचारणाऱ्याला उत्तर द्या म्हणतो. कोणी विचारलं नसताना त्याच्या देवघरात जाऊन त्याला खोटं ठरवा असं नाही. ज्यांनी आपल्या नावाने तसं केलं ते पेत्राच्या शब्दाबाहेर गेले, असंच मी म्हणेन.

मला नीलकंठशास्त्री गोऱ्हे आठवतात. काशीत वाढलेले चित्पावन पंडित, जन्म १८२५ चा. स्कॉटिश संस्कृतपंडित जॉन म्यूर यांनी ख्रिस्ती धर्माच्या बाजूने संस्कृतात ग्रंथ लिहिला तेव्हा विशीच्या आतबाहेर असलेल्या गोऱ्हेंनी संस्कृतातच त्याचं खंडन लिहिलं. खंडनासाठी त्यांनी विरुद्ध बाजू मन लावून वाचली. डोंगरावरचं प्रवचन वाचत गेले, मिशनऱ्यांशी बोलत गेले, आणि १८४८ मध्ये जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाच्या षड्दर्शनांवर लिहिलं. त्यांच्या टीकेशी तुम्ही सहमत व्हाल असं नाही, पण त्या दर्शनांचा अभ्यास त्यांनी मुळातून केला होता, हे त्यांचे विरोधकही नाकारू शकले नाहीत. मतं मांडण्याआधी दोन्हीकडचं वाचणं, ही त्यांची सवय आमच्या मुलांना लागावी असं मला वाटतं.

दुसरा प्रश्न जालनेकरदादांनी घ्यावा, ते त्यात मुरलेले आहेत.

जालनेकर

घेतो.

जुन्या कराराबद्दल आधी. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या मिळाल्या. त्यात यशयाची एक गुंडाळी जवळपास अखंड आहे, सहासष्टही अध्याय, लांबी सात मीटरच्या वर. ती ख्रिस्तापूर्वीची. त्याआधी आपल्या हाताशी असलेली हिब्रू जुन्या कराराची संपूर्ण हस्तलिखितं फार नंतरची होती. लेनिनग्राडचं प्रसिद्ध हस्तलिखित इ.स. १००८ च्या सुमाराचं. म्हणजे हजारेक वर्षांचं अंतर. दोन्ही ताडून पाहिली तर फरक आहेत, बरेचसे लेखनातले, काही शब्दांचे, थोडे अर्थाला स्पर्श करणारे. पण यशया वाचून जो संदेश कळतो तो दोन्हीकडे एकच.

नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं हजारोंनी आहेत आणि हाताने नकला केल्यामुळे त्यांत पाठभेद आहेत. ते लपवलेले नाहीत, अभ्यासाच्या प्रतींत पानाखाली छापलेले असतात. एक ठळक उदाहरण, १ योहान ५:७ मधलं स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्य. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. ग्रीक नवा करार छापणारा विद्वान इरॅस्मस याने १५१६ आणि १५१९ च्या आपल्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घेतलं. आज बहुतेक भाषांतरं ते गाळतात किंवा टिपेत देतात. त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण त्या एका वाक्यावर उभी नाही. मत्तय २८:१९ आहे, योहानाचा पहिला अध्याय आहे. म्हणून मी मुलांना सांगतो, वादात ते वाक्य वापरू नका. सत्याचं समर्थन कच्च्या पुराव्याने होत नसतं.

वसईकरीण

आम्ही कॅथलिक, त्यामुळे थोडं वेगळं सांगते. आमच्या बायबलात त्र्याहत्तर पुस्तकं, मक्कबी आणि तोबीतसकट. त्यावर इथे वाद घालायचा नाही. पण शारोनताईंचा मुद्दा आमच्याही घरचा आहे. संत जेरोम म्हणून गेले की शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये देवाच्या वचनाविषयी जो दस्तऐवज काढला त्यात सर्व भाविकांना हेच वाक्य सांगितलं. आमच्या आईच्या पिढीला घरी बायबल उघडायची सवय फारशी नव्हती. आता वाडीवाडीतल्या छोट्या गटांत बायका बसतात, रविवारच्या मिस्साची वाचनं आधीच वाचून ठेवतात. मग फादरांचं प्रवचन वेगळंच कानात शिरतं. एकदा एका काकूंनी प्रवचनानंतर फादरांना थांबवून विचारलं, तुम्ही दाखला सांगितला पण त्याच्या आधीचं परूश्यांचं बोलणं का वगळलं? फादर खूश झाले, पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात केली.

गोव्यातले जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्स यांना हे चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं, आदामापासून ख्रिस्तापर्यंत सगळी कथा मराठी ओव्यांत, दहा हजारांहून जास्त. गोव्यात उपवासकाळात ते गायलं जायचं. गोव्यातल्या साष्टी भागातल्या नव्या ख्रिस्ती माणसाला प्रश्नोत्तरी पाठ करून भागणार नव्हतं, त्याला सगळी कथा हवी होती.

केडगावची

पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं निघालं नाही!

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी जो पत्रव्यवहार केला तो वाचा. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवपण, मंडळीचा अधिकार, सगळ्यावर त्या प्रश्न विचारतात आणि कोणी सांगितलं म्हणून मानत नाहीत. बाप्तिस्मा झालाय म्हणून गप्प बसायला त्या तयार नव्हत्या. सिस्टर कधी कधी दुखावल्या जात, पण रमाबाई शास्त्रात शोधत राहिल्या. पुढे केडगावला स्वतः काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, गावातल्या बाईला कळावं म्हणून. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

ज्या बायकांना समाजाने टाकलं होतं त्यांच्या हातांनी ते पान न पान जुळवलं. आज आपल्या घरात तीन-तीन बायबलं आणि मोबाईलवर चौथं असतं. कपाटातून काढा की ते!

सोलापूरकर_१

जय ख्रिस्त सगळ्यांना. मी इंजिनीअरिंगला आहे. जालनेकरकाकांचं वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे प्रश्न विचारला की "तुझा विश्वास डळमळलाय, प्रार्थना करू" असं होतं.

माझा प्रश्न मार्कच्या शुभवर्तमानाचा आहे. माझ्या बायबलात सोळाव्या अध्यायाच्या ९ ते २० या ओव्यांना कंस होता आणि खाली टीप होती. होस्टेलवरच्या मित्राने तेवढ्यावरून सांगितलं की पुनरुत्थान मागाहून जोडलंय. मी काहीच बोलू शकलो नाही. आणि त्याच भागात साप उचलण्याचं आणि विष पिण्याचं आहे, त्याचं काय?

जालनेकर

बाळा, तुझा मित्र टिपेपर्यंत गेला, हे चांगलंच झालं.

टीप खरी आहे. चौथ्या शतकातली दोन महत्त्वाची हस्तलिखितं, सिनाय आणि व्हॅटिकन, ८ व्या ओवीपाशी थांबतात. दुसरीकडे इरिनेयसला दुसऱ्या शतकातच हा लांबलेला शेवट माहीत होता, १९ वी ओवी तो मार्कची म्हणून देतो. म्हणजे हा भाग जुना आहे, पण मार्कने स्वतः लिहिला असावा का याबद्दल बहुतेक अभ्यासकांना शंका आहे. मलाही आहे.

आता मित्राच्या निष्कर्षाकडे ये. ६ वी ओवी कंसाबाहेर आहे. कबरेतला तरुण बायकांना म्हणतो, तो उठला आहे, येथे नाही. मार्क ८, ९ आणि १० या तिन्ही अध्यायांत प्रभू स्वतः आपल्या उठण्याविषयी आधीच बोलून ठेवतो. आणि १ करिंथ १५ उघड. पौल ते पत्र इ.स. ५५ च्या आसपास लिहितोय आणि म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, बारा जणांना दिसला, पाचशेहून अधिक बांधवांना दिसला. "त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत" असंही तो सांगतो, म्हणजे जा आणि विचारा. पुनरुत्थान त्या कंसावर टांगलेलं नाही.

साप आणि विषाबद्दल: पौलाला मिलिता (माल्टा) बेटावर साप डसला तो मोळी आगीत टाकताना, त्याने हात मुद्दाम घातला नव्हता. मुद्दाम उडी मारायला सांगणारा कोण होता ते वर शारोनताईंनी मत्तय ४ मध्ये दाखवलंच आहे.

मित्राला चिडून उत्तर देऊ नकोस. त्याला म्हण, टीप तू वाचलीस, आता आपण दोघं मार्क पहिल्यापासून वाचू. सोळा अध्याय आहेत, दोन संध्याकाळी होतात.

कृपा_पुरे

पाळकसाहेब, तुमच्या त्या मावशींचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या शेजारीही असंच चाललंय, रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात. युक्तिवादाने माणूस तारला जात नाही हे मी अजूनही म्हणेन. पण त्रफिमाचं वचन मी लिहून घेतलंय आणि आज दुपारी जाणार आहे. सोबत अजून कुठलं वाचू?

निवृत्त_पाळक

जा ताई, अवश्य जा. २ करिंथ १२:७ ते १० वाचा. शरीरातला काटा काढ अशी पौलाने प्रभूला तीन वेळा विनंती केली आणि काटा तसाच राहिला. घाई करू नका, त्यांनाच मोठ्याने वाचू द्या. आणि वाचून झालं की त्यांना डॉक्टरकडे घेऊन जाणारं कोणी घरात आहे का ते विचारा. नसेल तर तुम्हीच रिक्षा बोलवा.

शारोन_नगर

सोलापूरकर, तुझा प्रश्न आणि काकांचं उत्तर मी वर्गात वाचून दाखवणार आहे, नाव न घेता. आम्हीही मार्कपासूनच सुरुवात करतोय. सोळावा अध्याय येईल तेव्हा ती टीप मुलांनाच वाचायला लावीन. तुझ्या मित्राने पुढे काय विचारलं ते इथे लिही, आणि वाचनवेडादादा, तुम्हाला मार्क वाचताना जे पटणार नाही तेही लिहा. मुलांना ते प्रश्न आधी आपल्याकडून मिळू देत.